धूर, ढग, पाऊस, उडीद

पाटी उचलायचा मान चुलत आजीचा. नाना, म्हणजे माझे वडील, गेले त्या रात्री तिनेच ओसरीत, जिथे त्यांचा जीव गेला त्या जागी, पणती लावली होती. वात दक्षिणेकडे. पणतीभोवती गव्हाचं पीठ चाळणीने भुरभुरून पसरलं, तळहाताने सारखं केलं आणि वर वेताची पाटी पालथी घातली. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. सकाळी पिठावर जे पाऊल उमटलेलं दिसेल त्या योनीत जीव गेला, असं आमच्याकडे समजतात.

सकाळी पाटी उचलली तेव्हा आम्ही सगळे वाकलो. पिठात एक बारीक, वळणावळणाची रेघ होती आणि तिला दोन्ही बाजूंनी छोटे छोटे फाटे. काका म्हणाले, मुंगळा गेलाय. आत्याला पाखराचा पाय दिसला. आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठून आली, एकदाच बघितलं आणि म्हणाली, "वेल आहे. बाळीसकट." आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

मलाही आधी मुंगळाच दिसला होता. आईचं ऐकल्यावर मात्र त्या पिठात वेल आणि तिची बाळी, म्हणजे आधार धरणारा तंतू, यांशिवाय दुसरं काही दिसेना. नाशिकला कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. घरातले विधी मोठ्यांनी करायचे आणि आपण पाया पडायचं, एवढाच माझा संबंध. नानांच्या वेळी ते सगळं माझ्या हातून होणार होतं. सुरुवातीला एकेक उरकत गेलो. पुढे करता करता त्या विधींमधून जाणारी एक वाट दिसायला लागली. ती जशी दिसली तशी सांगतो.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी. गोदावरी असं गावात कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. नानांची तीन एकर द्राक्षबाग, सगळी थॉमसन जातीची. चैत्र वद्यात ते गेले तेव्हा खरड छाटणी होऊन अकरा दिवस झाले होते. ज्यांनी द्राक्षबाग बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. वर्षातून दोनदा वेल छाटतात. फळ उतरून झालं की एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या जाड आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखून बाकीची सगळी काडी उतरवायची. त्यानंतरची बाग बघवत नाही. तारा, खांब आणि त्यांवर हात पसरलेली काळी लाकडं. मग फूट येते, नवी काडी तयार होते, पावसाळाभर पिकते आणि ऑक्टोबरात तिची फळछाटणी होते. त्या छाटणीतून घड बाहेर येतो. वयाच्या 74 व्या वर्षी नानांनी बांधावर खुर्ची टाकून शेवटची खरड छाटणी करून घेतली. त्यांना स्वस्थ बसवेना म्हणून दोन ओळींवर स्वतः कातर चालवली. कोणत्या दोन ओळी, ते मजुरांनी मला नंतर दाखवलं.

अग्नी मीच दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं, मागून काकांनी दगडाने त्याला भोक पाडायचं, मी फेरा घालायचा, पुन्हा भोक, पुन्हा फेरा. पाण्याची धार पाठीवरून ओघळत होती, एवढं आठवतं. ज्या दगडाने मडकं फोडलं तो नंतर माझ्या हातात दिला. हा जीवखडा. लिंबाएवढा काळा दगड. गुरुजींनी सांगितलं, "दहा दिवस हेच नाना. पिंड यालाच, पाणी यालाच. हरवू नका." घरात न्यायचा नाही म्हणून अंगणातल्या शेवग्याला फडक्यात बांधून टांगला. रात्री मी दोन-तीनदा उठून तो जागेवर आहे ना ते बघून यायचो.

चितेला तीनेक क्विंटल लाकूड लागलं, आपल्याच बांधावरची बाभूळ. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला आणि बऱ्याच उंचीवर जाऊन पूर्वेकडे झुकला. तेव्हा मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. पुढे एका पुस्तकात या धुराची पुन्हा गाठ पडायची होती.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. दूध शिंपडून राख थंड केली आणि अस्थी वेचल्या. हाडाचा तुकडा हातात घेतला की तो इतका हलका लागतो की बोटं दचकतात. वेचून झाल्यावर राखेचं काय, हा प्रश्न आला. आता आमच्या भागात बरीच घरं राख नदीत न टाकता शेतात खड्डा करून त्यावर झाड लावतात. ताईचाही तोच आग्रह होता. काका गप्प होते. शेवटी आईने निकाल दिला, "अस्थी गंगेला, राख रानाला. दोन्ही त्यांचंच."

ताईने शेतीचं शिक्षण घेतलंय. तिने लगेच बजावलं की सगळी राख एका खड्ड्यात ओतायची नाही. हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, लाकडाच्या राखेतून पोटॅश, पण राख अल्कधर्मी असते आणि आपली जमीन आधीच चुनखडीची. रोप जळून जाईल. म्हणून विहिरीजवळ बांधाच्या कोपऱ्यात तीन फुटी खड्डा घेतला, तो उन्हात तापू दिला, थोडी राख शेणखतात आणि पोयट्यात मिसळून भरून ठेवली आणि उरलेली बागेत ओळीओळीने विस्कटली. त्या उन्हाळ्यात रोप लावणं म्हणजे ते मारणंच होतं. लावणी मृग बरसल्यावर.

अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. वनवासात असताना रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं, अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या ज्या भागात अस्थी सोडतात त्याला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. तिथे अस्थी पाण्यात विरून जातात असं मानतात. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मडक्यावरचं फडकं सोडलं, मडकं तिरकं केलं. क्षणभर पांढरं काहीतरी दिसलं, मग नुसतं पाणी.

आमच्या गावचे तीर्थोपाध्याय काठावरच्या गल्लीत राहतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते कपाटातून वही काढतात. लांबट, लाल कापडात बांधलेली. पान उलटत ते एका जागी थांबले आणि वही माझ्यापुढे सरकवली. 1978. आजोबांच्या अस्थी घेऊन नाना आले होते, त्या दिवशीची त्यांची सही. ठाशीव, नवशिक्या हाताची, वेलांटी जरा जास्तच गोल. तेव्हा ते माझ्या आताच्या वयापेक्षा कितीतरी लहान होते. त्याच्या मागच्या एका पानावर आजोबांनी पणजोबांसाठी उठवलेला अंगठा. जांभळ्या शाईतल्या रेषा अजून मोजता येत होत्या. मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. मग नानांचं नाव लिहिलं, तिथी लिहिली, खाली सही केली. हुंदका आवरेना. तीर्थोपाध्याय काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे करून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

परत येताना गाडी नदीच्या बाजूबाजूनेच येत होती. रामकुंडातलं पाणी खाली वाहत येतं ते आमच्याच तालुक्यात. आमच्या शिवारावरून पुढे जातं आणि जिथे कादवा येऊन मिळते तिथे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याला अडतं. हिवाळ्यात तिथे लांबलांबच्या देशांतून पाखरं उतरतात. 2020 मध्ये त्या पाणथळ जागेला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. बंधाऱ्यातून कालवे निघतात ते कोपरगाव, वैजापूरकडच्या रानांना जातात. म्हणजे नाना आमच्या आधीच घरावरून पुढे जाणार होते आणि मग कुणाच्या तरी गव्हात, कुणाच्या तरी उसात. आई मागच्या सीटवर होती. मी हे तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "जाऊ दे. कधी कुणाचं पाणी अडवलं नाही त्यांनी."

दहाव्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तिथेच अडखळलो.

दहा दिवसांचे दहा पिंड. गुरुजींचं सांगणं असं की जळून गेलेल्या देहाच्या जागी प्रवासाला लागणारा दुसरा देह या पिंडांनी घडतो. पहिल्या पिंडाने डोकं. मग रोज एकेक अवयव. दहाव्या पिंडाने भूक आणि तहान. हे ऐकल्यावर मी हातातलं पीठ मळायचा थांबलोच. आईच्या पोटात मूल घडतं तसंच हे, फक्त इथे घडवणारे हात मुलाचे. आणि सगळ्यात शेवटी भूक, कारण भूक लागल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही आणि खायलाही मागत नाही. म्हणून दहाव्या दिवशी कावळा. त्या दिवशी गेलेल्या माणसाला पहिल्यांदा भूक लागलेली असते.

नदीकाठच्या घाटावर अर्धं गाव जमलं होतं. महाराजांचं प्रवचन झालं. ताईने बाजरीची भाकरी, ठेचा आणि बिनसाखरेचा चहा आणला होता. काकांनी शीतगृहातून द्राक्षाचा एक घड मिळवला होता. पिंड मांडले, जीवखड्याला शेवटचं तिलोदक दिलं आणि सगळे मागे सरून उभे राहिलो.

कावळा येईना.

अर्धा तास गेला. काका पुढे होऊन म्हणाले, "नाना, बाग विकणार नाही. शब्द आहे." मी म्हणालो, आईला एकटं ठेवणार नाही. ताई म्हणाली, छाटणी चुकणार नाही. आत्याने जुन्या एका भांडणाची माफी मागितली, जे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. लांब विजेच्या खांबावर एक कावळा होता. तो मान वळवून बघत राहिला, खाली काही उतरला नाही. पावणेदोन तास झाले. ऊन डोक्यावर आलं, म्हातारी माणसं टोप्या काढून वारा घ्यायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

शास्त्राने विधी पुरा झाला. लोक जाताना माझा खांदा थोपटत होते आणि प्रत्येकाच्या नजरेत तोच प्रश्न होता, की म्हाताऱ्याचं काय राहिलं असेल. मलाही तेच खात होतं. काय दिलं नाही त्यांना? कुठला शब्द द्यायचा राहिला? तिन्हीसांजेला मी अंगणात बसलो होतो. शेवग्याच्या फांदीला आता नुसती गाठ उरली होती. आई शेजारी येऊन बसली.

"कावळा रुसला नाही," ती म्हणाली. "त्याला बसायला जागा कुठे आहे?"

तेव्हा मला तो घाट डोळ्यांपुढे आला, आधीचा. 1978 मध्ये आजोबांच्या दहाव्याला घाटाच्या डोक्यावर वड होता आणि उताराला तीन करंज. मी लहानपणी त्या वडाच्या पारंब्यांना लोंबकळलोय. संध्याकाळी त्यावर कावळ्यांची शाळा भरायची. काही वर्षांपूर्वी घाट सुशोभित केला तेव्हा ती चारही झाडं गेली; त्या जागी रंगीत फरशी आहे आणि चकचकीत कठडा. झाडं तोडताना गावातल्या कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. सुट्टीत आलो होतो आणि घाट किती स्वच्छ झाला म्हणून मुलांचे फोटो काढले होते.

हे मला सांगितलंच पाहिजे. पितरांना बोलावण्यासाठी आपण ज्या पाखराची वाट बघतो त्याची राहण्याची जागा आपणच मोडली, आणि मग ते आलं नाही की गेलेल्या माणसाच्या वासनेत कारण शोधतो. वड-पिंपळ कुणी मुद्दाम पेरत नाही. कावळा फळ खातो, बी कुठेतरी टाकतो आणि विहिरीच्या भेगेतून पिंपळ वर येतो. झाडामुळे कावळा, कावळ्यामुळे झाड, आणि त्या दोघांच्या आधाराने आपले दहावे.

अकरावा झाला. बाराव्याला सपिंडीकरण. नानांचा पिंड लांबट वळला होता. आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा यांचे तीन गोल पिंड शेजारी. गुरुजींनी दर्भाने नानांच्या पिंडाचे तीन भाग करायला लावले आणि एकेक भाग त्या तिघांच्या पिंडांत मिसळायला सांगितलं. मऊ भात होता. बोटांनी दाबत गेलो आणि कुठला भाग कुणाचा, हे ओळखू येईनासं झालं. गुरुजी म्हणाले, "इथपर्यंत ते प्रेत होते. आता पितर झाले. वसुरूप." बाप वसू, आजोबा रुद्र, पणजोबा आदित्य. ओळीत तीनच जागा. नवा माणूस आला की प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो आणि सगळ्यात वरचा ओळीतून पुढे निघून जातो. म्हणजे नानांना जागा देऊन खापरपणजोबा निघाले होते. ज्यांचं नाव त्या सकाळपर्यंत मला माहीतही नव्हतं त्यांना निरोप देताना माझ्या पोटात कालवलं.

"पुढे कुठे?" मी विचारलं.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. विषय निघाला की त्यांना घाई नसते. तेराव्याची गोड जेवणं आटोपल्यावर त्यांनी मला ओसरीत बसवून छांदोग्य उपनिषदातली गोष्ट सांगितली. श्वेतकेतू शिकून-सवरून पांचालांच्या सभेत गेला. तिथे प्रवाहण जैवली या राजाने त्याला पाच प्रश्न विचारले. माणसं इथून गेल्यावर कुठे जातात? परत कशी येतात? इतकी माणसं मरतात तरी पलीकडचा लोक भरून का जात नाही? पाचव्या आहुतीत पाण्यालाच माणूस का म्हणायला लागतात? श्वेतकेतूला एकाचंही उत्तर येईना. तो घरी जाऊन बापावर चिडला, की मला हे शिकवलं का नाही. बाप म्हणाला, मलाच ठाऊक नाही. आणि तो म्हातारा बाप स्वतः राजाकडे शिष्य होऊन गेला.

मग मी ते मूळ मिळवून वाचलं, मराठी अर्थासह, महिनाभर. उत्तर असं आहे. गावात राहून ज्यांनी यज्ञ, लोकोपयोगी कामं आणि दान केलं ते चितेच्या धुरातून जातात. धुरातून रात्रीत, रात्रीतून वद्य पक्षात, तिथून दक्षिणायनाच्या सहा महिन्यांत, मग पितृलोकात, आकाशात, चंद्रावर. तिथलं पुण्य सरलं की त्याच वाटेने परत. आकाश, वारा, धूर, अभ्र, ढग. आणि मग पाऊस होऊन खाली. खाली आल्यावर भात, जव, औषधी, वनस्पती, तीळ आणि उडीद होऊन उगवतात. त्यापुढे एक वाक्य आहे: इथून बाहेर पडणं फार कठीण. कारण तो दाणा कुणीतरी खाल्ला पाहिजे, तेव्हा कुठे पुढचा जन्म.

आई म्हणते नाना उत्तरायणात गेले, त्यांची वाट वेगळी, उजेडाची. असेलही. मला मात्र त्या कठीण वाक्याने धरून ठेवलं. आजवर मी समजत होतो की अवघड असतं ते जाणं. हे सांगतंय की अवघड आहे ते दाण्यातून पुढे सरकणं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. काढणीला आलेला उडीद अवकाळीत शेंगेतच कुजताना मी बघितलाय. मणी भरलेल्या बागेवर गारा पडताना बघितल्यात. पाऊस आला पण वेळेवर नाही, दाणा भरला पण घरात आला नाही. त्या वाक्यातली कळकळ मला नानांच्या आवाजातच ऐकू आली. आणि आईचं ते बोलणं, कावळ्याला बसायला जागा कुठे आहे, त्याला जोडून घेतलं. जीव जर याच धुरातून, ढगांतून, पाण्यातून आणि दाण्यांतून ये-जा करत असेल तर ही वाट नीट राखणं हेच श्राद्ध. बाकीचं त्याची आठवण करून देणं.

मृग सुरू झाला तरी पहिले चार दिवस नुसतंच भरून येत होतं. पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला, मातीचा वास आला आणि थेंब पडायला लागले, मोठे, तुटक. मी बागेत होतो. शेडमध्ये जायला पाच पावलं चालावी लागली असती. गेलो नाही. एप्रिलमधला तो सरळ वर गेलेला धूर आठवला. ओला होत उभा राहिलो आणि मोठ्याने "नाना" म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी जांभूळ लावलं. आंबा लावू असं काका म्हणत होते, पण जांभळाची निवड आईची. "आंबा माणसं खातात. जांभूळ सगळे खातात." खड्ड्यातली माती तापून, भिजून मऊ झाली होती. हात घातला तर राख कुठे वेगळी दिसेना.

भाद्रपदात आमच्याकडे पहिल्या वर्षी भरणी श्राद्ध घालतात. स्वयंपाक ठरलेला. तांदळाची खीर, अळूची पातळ भाजी, गवार, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी आणि उडदाचे वडे. आई वडे थापत होती, मी तिलोदकासाठी तीळ निवडत होतो, आणि मला एकदम ती यादी आठवली. तीळ आणि उडीद. पितर ज्या दाण्यांतून परत येतात म्हणून सांगितलंय तेच दाणे पितरांच्या ताटात. इतकी वर्षं हे वडे खाल्ले आणि त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी पहिला घास तोंडात घेऊन बराच वेळ तसाच बसलो.

पितृपक्षात मोबाइलवर फिरतं की या दिवसांत कावळ्यांची पिल्लं घरट्यात असतात, म्हणून पूर्वजांनी त्यांना खाऊ घालायची रीत पाडली. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते बरोबर नाही. आमच्याकडे कावळे घरटी बांधतात ती उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर. कोकिळाही तेव्हाच त्यांच्या घरट्यात अंडं घालून जाते. भाद्रपदाचा घास पिल्लांसाठी आहे असं सांगायची काही गरज नाही. तो पितरांसाठी आहे आणि कावळ्यासाठी आहे, एवढं पुरे.

सप्टेंबर सरता सरता फळछाटणीची तयारी सुरू झाली. त्याआधी काडी तपासून आणतात. बागेतून वेगवेगळ्या ओळींतल्या काड्या कापायच्या, जुडी बांधायची आणि प्रयोगशाळेत न्यायची. तिथे एकेक डोळा ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की घड कितव्या डोळ्यात आहे. त्यावरून छाटणी कुठे घ्यायची ते ठरतं. मी नानांनी स्वतः छाटलेल्या दोन ओळींतल्या काड्या वेगळ्या बांधून नेल्या. तपासणाऱ्या मुलीने सातवा डोळा कापला, भिंगाखाली ठेवला आणि मला म्हणाली, बघा.

तपकिरी खवल्यांच्या आत पांढरट लव, आणि लवीच्या मधोमध एक पारदर्शक गोळा. नीट बघितलं तर गोळ्याला बारीक बारीक उंचवटे. "हा घड," ती म्हणाली. "मे-जूनमध्येच तयार होतो हा. बाहेरून दिसत नाही इतकंच."

मे-जून. नाना जाऊन महिना-दीड महिना झाला होता, आई अंथरुणातून उठत नव्हती, मी सुट्ट्या संपवून कामावर गेलो होतो. त्या दिवसांत, त्यांच्या कातरीने राखलेल्या डोळ्यातून फुटलेल्या काडीत, हे चाललेलं होतं. त्या भिंगावरून माझा डोळा हटेना. मागे रांगेत माणसं होती. ती मुलगी म्हणाली, "काका, सावकाश बघा." ज्ञानेश्वरांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर लिहिताना जन्ममरणाला घटिकायंत्र, म्हणजे फिरतं रहाटगाडगं म्हटलंय, ते मला शाळेपासून पाठ होतं. रिकामं होऊन खाली गेलेलं गाडगं पाण्याखाली भरत असतं तेव्हा ते कुणाला दिसत नाही, हे मात्र त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीत माल उतरला. भाव बरा मिळाला. त्या दोन ओळींचा माल विकला नाही. नातेवाइकांना, मजुरांना, गुरुजींना वाटला आणि उरलेल्याचा आईने बेदाणा केला.

वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. खिरीत तोच बेदाणा होता. परत खरड छाटणी झालीय. यावेळी त्या दोन ओळी मी छाटल्या. हात बसायला वेळ लागला. छाटलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब येऊन थांबतो, मग गळतो. बाग पुन्हा काळी, उघडी दिसते, पण आता मला ती बघवते.

जांभूळ कमरेएवढं झालंय. ताईच्या हिशेबाने कावळा बसेल एवढी फांदी व्हायला पाच-सहा वर्षं, घरट्यासाठी त्याहून जास्त. घाटाच्या डोक्यावर, वडाच्या जुन्या जागेपासून थोडं मागे, पंचायतीने परवानगी दिली तिथे काका आणि मी वडाची फांदी रोवलीय. तिला दोन पानं फुटली आहेत. पाणी आळीपाळीने घालतो. तोवर काकबळी विहिरीच्या कठड्यावर ठेवतो. वर्षश्राद्धाला ठेवला आणि आम्ही पंगतीत जाऊन बसलो, कुणी उभं राहून वाट बघितली नाही. जेवून परत आलो तेव्हा पानावर भाताची चार शितं होती आणि वडा नव्हता.